न्हाणीघराची कागदपत्रे : एका वाणिज्य विद्यार्थ्याचा अभ्यास

परिव्यय लेखाशास्त्रात 'कंत्राट खाते' नावाचे एक प्रकरण आहे. ते शिकवताना आमच्या सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले : प्रमाणित काम आणि अप्रमाणित काम. कंत्राटदाराने केलेल्या कामापैकी जेवढे काम तपासून त्याचा लेखी दाखला मिळाला, तेवढेच प्रमाणित. बाकीचे काम झालेले असले तरी हिशेबात ते वेगळे धरावयाचे. शिवाय प्रमाणित कामाचेही सर्व पैसे मालक लगेच देत नाही. काही भाग तो हाताशी ठेवतो, त्यास राखीव रक्कम म्हणतात. वर्गातील मुले आकडे उतरवून घेत होती. मला मात्र आमच्या घरचे न्हाणीघर दिसू लागले. तेथील सगळेच काम अप्रमाणित होते. राखीव रक्कम मात्र आम्ही ठेवली होती, आणि तीही ज्याची ठेवू नये अशा माणसाची.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोरी आणि नळ यांवर लेख लिहावा हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण घरातील न्हाणीघर दुरुस्त करणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाचा लग्नकार्याखालोखाल मोठा खर्च होऊन बसला आहे, आणि त्या खर्चाची कागदपत्रे किती घरांत सापडतील? मी आमच्या वर्गातील अकरा मित्रांना विचारले. दोघांच्या घरी दुकानाचे पक्के बिल होते. नळकामाचा लेखी कागद एकाच्याही घरी नव्हता.

आमचे घर बेळगावात शहापूर भागात, जुन्या गल्लीत आहे. शेजारच्या घराची व आमची एक भिंत सामाईक आहे. न्हाणी जुन्या पद्धतीची होती : शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंब, बाजूला पाण्याचा दगडी हौद. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आजी पाय घसरून पडली व तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. पुढे खाली बसावयाचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हा न्हाणी आणि संडास एकत्र करून कमोड, बेसिन, गिझर असे नवे न्हाणीघर करण्याचे ठरले. एकूण ९४,००० रुपये लागले. त्यात दुकानाचे सामान ५१,०००, गवंडीकाम व फरशी २७,००० आणि प्लंबरची मजुरी १६,०००. प्लंबरला बारा हजार दिले व चार हजार दिवाळीला देण्याचे तोंडी ठरले. बाबांच्या वहीत एवढीच ओळ आहे : 'प्लंबर १२,०००, बाकी ४,०००.' तारीख नाही, सही नाही.

एप्रिलमध्ये आजी घरी आली. मे महिन्यात तिला उठताबसता धरावयास भिंतीला एक स्टीलचा दांडा हवा झाला. मी मित्राकडून ड्रिल मशीन आणले, चार भोके पाडली, प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि दोन इंची स्क्रूंनी दांडा आवळून बसवला. आजीने तो हलवून पाहिला व माझे कौतुक केले.

पुढे पावसाळा आला. बेळगावचा पाऊस वाचकांना सांगावयास नको; या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या भिंतीला ओल असतेच. सप्टेंबरात शेजारच्या घरातील भिंतीवर ओलीचा डाग उठला, तेव्हा त्यांनी व आम्हीही पावसालाच दोष दिला. शेजारचे गृहस्थ कानडी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. दिवाळीच्या सुमारास ते दारात येऊन बाबांना म्हणाले, "मळी निंतैति, ग्वाडी इन्नू हसी ऐति." पाऊस थांबला, भिंत मात्र अजून ओलीच आहे! त्यांच्या देवघराचा गिलावा फुगून सुटू लागला होता.

बाबांनी प्लंबर मेस्त्रींना बोलावले. ते म्हणाले, "मालक, दाब देऊन बघूनच मी गवंड्याच्या ताब्यात भिंत दिलीय. माझा जोड सुटायचा नाही." बाबा म्हणाले, "कशावरून?" यावर मेस्त्रींपाशी उत्तर नव्हते. गवंडी म्हणाला, फरशीचा दोष नाही. दुकानदार म्हणाला, पाइपाचा दोष नाही. चार हजार रुपये बाबांनी रोखून धरले. गल्लीत बोलबाला झाला की अमुक मेस्त्रीचे काम गळते.

डिसेंबरात शेवटी फरशा फोडल्या. गिझरकडे जाणारा पाइप दांड्याच्या मागून गेला होता. माझ्या तिसऱ्या भोकातील बरम्याने त्याला ओरखडा पडला होता व स्क्रूचे टोक नेमके तेथे जाऊन रुतले होते. स्क्रूनेच छिद्र पाडले आणि स्क्रूनेच ते बरेचसे बुजवले. म्हणून धार न लागता सात महिने पाणी पाझरत राहिले. मेस्त्रींचा एकही जोड सुटलेला नव्हता.

शेजाऱ्यांचा गिलावा व रंग यांचे ११,५०० आणि आमच्याकडील फोडाफोड व दुरुस्तीचे ६,२०० असे १७,७०० रुपये बाबांनी भरले. हा आकडा मी मुद्दाम देत आहे. कारण दोन कागद असते तर तो शून्य झाला असता. त्या कागदांना खर्च काहीही नव्हता.

नळकाम हे इतर कामांहून एका बाबतीत वेगळे आहे. सुताराने कपाट केले तर ते डोळ्यांसमोर राहते. बिजागरी सैल झाली तर दिसते. न्हाणीघरातील पाइप भिंतीत खाच पाडून बसवतात, त्यावर सिमेंट व फरशी चढते आणि ते काम एका दिवसात कायमचे दृष्टिआड होते. नंतर ते तपासावयाचे तर फोडूनच तपासावे लागते. म्हणून त्याचा पुरावा फरशी बसण्यापूर्वीच तयार झाला पाहिजे. पहिल्या वर्षी आपण शिकतो की व्हाउचर हे व्यवहाराच्या वेळी करावयाचे असते, वर्षअखेरीस आठवून नव्हे. न्हाणीघराच्या बाबतीत हा नियम अधिकच कडक आहे. वहीतील विसरलेली नोंद बँकेच्या पुस्तकावरून पुन्हा काढता येते. फरशीमागील पाइप कोणत्या पुस्तकावरून काढणार?

पहिला कागद म्हणजे पाइपांचा नकाशा. त्यासाठी अभियंता लागत नाही. भिंतीचे साधे चौकोन काढावेत. जमिनीपासून व कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे ते टेपने मोजून लिहावे. गार पाणी कोणते, गरम कोणते, बंद करण्याची कॉक कोठे, सांडपाण्याचा पाइप कोणत्या बाजूने उतरतो, हेही त्यात यावे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. उघड्या भिंतीला टेप लावून छायाचित्र घेतले तर काम अर्धे होते. तरी मी कागदावरील आकडे जास्त मानतो. फोन बदलतो, चित्र हरवते, आणि ते चित्र कोणत्या भिंतीचे हे वर्षाने आपल्यालाच ओळखू येत नाही. आमच्या भिंतीचा असा कागद असता तर त्यावर 'गिझरचा पाइप, कोपऱ्यापासून ६२ सेंटिमीटर' एवढे लिहिलेले असते, आणि मी दांडा वीतभर सरकवला असता.

दुसरा कागद चाचणीचा. पाइप जोडून झाले व जोडावरील चिकटद्रव्य वाळले, की सर्व तोंडे बुचांनी बंद करतात, हातपंपाने आत पाण्याचा दाब चढवतात आणि दाबमापकाचा काटा ठरावीक वेळ पाहतात. काटा उतरला तर कोठेतरी गळती आहे. दाब किती व वेळ किती हे पाइप तयार करणाऱ्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. आमच्याकडे ही चाचणी खरोखर झाली होती. हे सर्व उघडकीस आल्यावर आईला आठवले : "मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं घड्याळासारखं काहीतरी बघत बसले होते. मला वाटलं, वेळ काढतायत." त्या दिवशी चार ओळी लिहून त्याखाली मेस्त्रींची व बाबांची सही झाली असती, तर 'कशावरून?' या प्रश्नाला उत्तर मिळाले असते. एप्रिलमध्ये पाइप निर्दोष होता, म्हणजे दोष नंतर उत्पन्न झाला, म्हणजे नंतर भिंतीला कोणी हात लावला ते पाहा, अशी तर्काची वाट तेथून सरळ माझ्या ड्रिलपर्यंत गेली असती. शोध सप्टेंबरातच संपला असता.

जमिनीची चाचणी निराळी. पाणीरोधक थर दिल्यानंतर व फरशी बसण्यापूर्वी सांडपाण्याचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी एक दिवस, शक्य तर दोन दिवस साठवून ठेवतात. खालच्या मजल्याच्या छताला किंवा बाजूच्या भिंतीला ओल फुटते का ते पाहतात. ज्यांचे न्हाणीघर वरच्या मजल्यावर आहे त्यांनी ही चाचणी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना बोलावून करावी, आणि कागदावर त्यांचीही सही घ्यावी. शेजाऱ्याचा राग ओल दिसण्यापूर्वी घालवणे सोपे असते. सामाईक भिंतीत खाच पाडताना आम्ही शेजारच्या सरांना एका शब्दानेही विचारले नव्हते, ही आमची निराळी चूक.

सांडपाण्याच्या बाजूस दोन मापे लिहून ठेवण्याजोगी आहेत. सापळ्यात, म्हणजे ज्याला प्लंबर ट्रॅप म्हणतात त्यात, वास अडवण्यासाठी पाणी साठलेले असते. त्याची खोली किमान ५० मिलिमीटर असावी लागते. शंभर मिलिमीटरच्या, आपण ज्याला चार इंची म्हणतो त्या, मैलापाण्याच्या पाइपाला ५७ मीटरला १ मीटर या प्रमाणात उतार देण्याचा पाठ भारतीय मानकात आहे. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जमिनीतील या सापळ्याला भारतातील इंग्रजी स्थापत्यग्रंथांतही 'नहाणी ट्रॅप' असेच म्हणतात. आपल्या आजीची न्हाणी इंग्रजी पाठ्यपुस्तकात जाऊन बसली आहे, हे मला आजवर कोणत्याही भाषेच्या तासाला कळले नव्हते.

मानकांविषयी थोडे अधिक. तेव्हाच्या भारतीय मानक संस्थेने १९७० साली राष्ट्रीय इमारत संहिता प्रसिद्ध केली. १९८३, २००५ व २०१६ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचा नववा भाग नळकामाचा आहे. त्यात नव्या किंवा बदललेल्या जोडणीसाठी करावयाच्या अर्जाचा नमुना आहे, तसाच परवानाधारक प्लंबरने काम पूर्ण झाल्यावर द्यावयाच्या दाखल्याचाही आहे. म्हणजे ज्या 'प्रमाणित कामा'चे गणित आपण सोडवतो, त्याचे न्हाणीघरासाठीचे छापील रूप देशात उपलब्ध आहे. संहिता ही शिफारसवजा असते. स्थानिक नियमांत तिचा स्वीकार झाला तरच ती बंधनकारक ठरते. परंतु आपल्या घरात तिचा नमुना वापरण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

परवानगीच्या बाबतीत ढोबळ नियम असा सांगता येईल : नळ, भांडी, फरशी बदलणे ही दुरुस्ती, पण रस्त्याकडील पाण्याची किंवा गटाराची जोडणी हलवणे, नवे न्हाणीघर वाढवणे, भार पेलणारी भिंत किंवा स्लॅब फोडणे ही कामे महानगरपालिकेत विचारल्याशिवाय हाती घेऊ नयेत.

आमच्याकडे प्रथम गटाराची जोडणी हलवण्याचा विचार होता. बाबांनी त्यासाठी अर्ज आणला. पुढे जुनीच जोडणी ठेवली, म्हणून तो खणात पडून राहिला. अर्ज कानडीत होता, आणि बाबांचे सर्व शिक्षण मराठीत झालेले. माझे शिक्षणही मराठी माध्यमात झाले, परंतु मी शाळेत कानडी शिकलो व गल्लीत बोलून पक्की केली. फोडाफोडीनंतर मी तो अर्ज बाहेर काढून वाचला. बाबांनी जमेल तेवढा पेन्सिलीने भरला होता. 'परवानगि संख्ये' या रकान्यासमोर त्यांनी लिहिले होते, 'अजून मिळालेली नाही.' त्यांना वाटले, परवानगीचा क्रमांक विचारला आहे. कानडीत 'परवानगि' म्हणजे मराठीतील परवाना. तेथे प्लंबरच्या परवान्याचा क्रमांक हवा होता! एका वेलांटीच्या फरकाने विचारावयाचा प्रश्न राहून गेला. आमच्या मेस्त्रींचा हात चांगला आहे, पण परवाना त्यांनी काढलेला नाही, हे आम्हाला त्या रकान्यामुळे पहिल्याच दिवशी कळले असते. पुढील रकान्यात नकाशा जोडण्याची सूचना होती. ती बाबांना वाचताच आली नाही.

गंमत अशी की कागदपत्रांचे बहुतेक शब्द दोन्ही भाषांत सख्खे आहेत. आपला अर्ज त्यांचा 'अर्जि', करार 'करारु', जामीन 'जामीनु', जबाबदारी 'जवाब्दारि', आणि सही ही दोन्हीकडे सहीच. नळाला ते 'नल्लि' म्हणतात, आणि गटाराला पुस्तकी कानडीत 'चरंडि' असले तरी आमच्या भागातील कानडी माणूस 'गटार'च म्हणतो. सरकारी कागद पाहून जो मराठी माणूस बिचकतो त्याने तो एकदा मोठ्याने वाचून घ्यावा. निम्मे शब्द कानाला ओळखीचे लागतील. उरलेल्या निम्म्यांसाठी मात्र जाणकारास विचारावे, कारण ओळखीचा वाटणारा शब्दच कधी कधी चकवतो.

आता पैशाच्या कागदांकडे वळू. दुकानदाराने आम्हाला ५१,००० रुपयांच्या सामानाची कच्ची पावती दिली होती. एका चिठ्ठीवर आकडे आणि खाली बेरीज. 'पक्क्या बिलाला कर पडेल' असे तो म्हणाला व बाबांनी मान डोलावली. यात नुकसान कोणाचे झाले ते पाहा. बिलावर मालाचे नाव व प्रत असते. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपासाठी भारतीय मानक १५७७८, मैलापाण्याच्या पाइपासाठी १३५९२ असे क्रमांक असतात व ते पाइपावर छापलेले असतात. बिल नसेल तर हा पाइप याच दुकानातून आला, हे सिद्ध करणे कठीण. हमीपत्र हाती असूनही खरेदीची तारीख नाही म्हणून ते निरुपयोगी ठरते. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याखाली नोंदणीकृत विक्रेत्याला कर-बीजक द्यावेच लागते. फक्त २०० रुपयांखालील किरकोळ विक्रीला, ग्राहकाने मागितले नाही तर, सूट आहे. आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकलेल्या मालाचे किंवा केलेल्या सेवेचे बिल अथवा पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. म्हणजे बिल मागणे हा वाद घालणे नव्हे, हक्क आहे.

प्लंबरची गोष्ट वेगळी. ज्याची वर्षाची सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला साधारणपणे करासाठी नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी नसता त्याने कर आकारताही कामा नये. त्याच्याकडून छापील बीजकाची अपेक्षा करणे चूक. पण साध्या कागदावर कामाचे वर्णन, रक्कम, तारीख व सही एवढी पावती तो देऊ शकतो. ५,००० रुपयांवरील पावतीला एक रुपयाचे महसुली तिकीट लागते. परीक्षेत हा प्रश्न आम्ही सर्वजण बरोबर सोडवतो. बाबांनी १२,००० रुपये दिले तेव्हा घरात वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हजर होता, आणि त्याला तिकीट आठवले नाही.

सेवेतील दोषाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, व तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. बाबा नोव्हेंबरात तसा विचार करू लागले होते. केली असती तर आम्ही एका निर्दोष माणसाला आयोगापुढे उभे केले असते. आमच्याजवळ कागद नव्हता, तसा त्याच्याजवळही नव्हता. तो दाखवू शकत नव्हता की आपले काम बिनचूक होते, किंवा आपले चार हजार येणे आहेत.

माझी एक मावसबहीण मेलबर्नला असते. ही हकीकत ऐकून तिने तिच्या न्हाणीघराच्या दुरुस्तीचा दाखला मला पाठवला. तिकडे व्हिक्टोरिया राज्यात मजुरी व सामान मिळून ७५० डॉलर किंवा अधिक किमतीचे नळकाम झाले, की परवानाधारक प्लंबरने पाच दिवसांच्या आत अनुपालनाचा दाखला देणे कायद्याने सक्तीचे आहे. जमिनीखालील मैलापाण्याच्या पाइपाला तर किमतीची मर्यादाच नाही. त्या दाखल्यामागे प्लंबरचा विमा असतो व तो सहा वर्षे लागू राहतो. ही व्यवस्था आपल्याकडे जशीच्या तशी आणावी असे मी म्हणणार नाही. परवाना, विमा, तपासणी यांचा खर्च शेवटी मजुरीवरच चढतो आणि आमच्या गल्लीतील मेस्त्रीला तो परवडणारा नाही. मला त्यातील वेळेची अट मोलाची वाटली. पाच दिवस. आठवण ताजी असते, हिशेब उघडा असतो आणि दोघे एकमेकांशी बोलत असतात, तेवढ्यात कागद करून टाकावयाचा.

जानेवारीत बाबा व मी मेस्त्रींच्या घरी गेलो. चार हजार रुपये दिले व फोडाफोडीच्या कामाची मजुरीही दिली. स्क्रू माझा होता, हे मी सांगितले. मेस्त्री थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैशाचं राहू दे मालक. गल्लीतली दोन कामं गेली माझी. ती काय तुम्ही परत आणताय?" बाबांनी त्याच संध्याकाळी शेजारच्या सरांना व समोरच्या दोन घरांना स्वतः जाऊन खरे काय ते सांगितले. त्यातील एक काम पुढे मेस्त्रींना मिळाले, दुसरे दुसऱ्याने करून टाकले होते.

त्या कामासाठी मी एक नमुना तयार केला आहे. एका पानात मावतो. वर मालकाचे नाव, घराचा पत्ता व कामाची तारीख. त्याखाली तीन वाक्ये : 'खाली सही करणाराने या घरातील न्हाणीघराचे नळकाम केले असून पाइपांची जागा सोबतच्या नकाशात मोजून दाखवली आहे. फरशी बसवण्यापूर्वी या तारखेस, इतक्या दाबाने, इतका वेळ चाचणी घेतली व दाब उतरला नाही, हे मालकाने समक्ष पाहिले. ठरलेल्या मजुरीपैकी इतके रुपये पोहोचले, इतके या तारखेपर्यंत येणे आहेत.' पाठीमागे नकाशा. कानडी मजकूर शेजारच्या सरांनी तपासून दिला व तो याच अंकाच्या कानडी विभागात छापला आहे. दोन्ही भाषांचा कागद पाठपोट न करता शेजारी शेजारी ठेवावा, म्हणजे ज्याला जी वाचता येते ती वाचून तो सही करील.

मेस्त्रींनी नमुना वाचून घेतला. दाबाचा आकडा लिहिण्यास जागा कमी आहे म्हणाले, ती मी वाढवली. मग आमच्या घरासाठीही एक प्रत करू या, म्हणाले. दुरुस्तीच्या वेळी भिंत उघडी होती तेव्हा मी सर्व मापे घेतलीच होती. मेस्त्रींनी त्यावर कानडीत सही केली, बाबांनी मराठीत. सही झाल्यावर मेस्त्रींनी कागद परत माझ्यापुढे सरकवला व खाली आणखी एक ओळ लिहावयास सांगितली : 'भिंतीत भोक पाडण्यापूर्वी हा नकाशा पाहीन.' त्या ओळीखालची सही माझी आहे.